नवं क्षेत्र, नवा सोबती : खानदेशात सेवेला येणाऱ्या तरुणांसाठी

ख्रिस्ती मंडळीकडून, म्हणजे चर्चकडून, नेमणुकीचं पत्र येतं तेव्हा त्यावर दोन नावं असतात, एक गावाचं आणि एक सोबत्याचं. पुणे, नगर, सोलापूर किंवा मुंबईकडून पहिल्यांदाच खानदेशात येणारे तरुण सेवक-सेविका मला बहुतेक गावाबद्दलच विचारतात. नेटवर्क आहे का, पाणी येतं का, भाषा कळेल का. सोबत्याबद्दल विचारणारे फार थोडे. माझ्या पाहण्यात मात्र नव्या क्षेत्रात जे लवकर खचले, ते गावामुळे क्वचितच खचले. स्वयंपाक कोणी करायचा, पैसे कोणी किती काढायचे, रात्री दिवा कधी मालवायचा, यावरून आधी मन उडालं आणि मग गावही नकोसं झालं. म्हणून गावाआधी सोबत्याबद्दल लिहितो आहे, आणि तेही थोडं जास्तच.

निघण्यापूर्वी

पत्र मिळालं की त्याच दिवशी सोबत्याला फोन करा. तो आधीपासून त्या क्षेत्रात असेल तर खोलीवर काय आहे ते विचारा: गॅस आहे की नाही, भांडी किती, पांघरूण आणावं लागेल का, पाणी कोणत्या वेळी येतं. तुम्ही स्वयंपाकातलं काय करू शकता तेही सांगून टाका. आधीचा सेवक का गेला, हा प्रश्न फोनवर नको. कोणाबद्दलचं मत घेऊनच गावात उतरलात तर ते मत पुसायला पुढे वेळ लागतो.

आपण नक्की कुठे चाललो आहोत हे नीट समजून घ्या, कारण खानदेश एकसारखा नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. त्यातला नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. रावेर-यावल ही केळीची, पाण्याची, सधन पट्टी. शिंदखेडा, पारोळा, अमळनेरकडे कापूस, ज्वारी आणि कोरडवाहू शेती. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव म्हणजे सातपुडा आणि सह्याद्रीच्या कुशीतले आदिवासी पाडे. पत्रावर नुसतं ‘नंदुरबार जिल्हा’ लिहिलं असेल तर शहर, नवापूर की धडगाव, हे विचारून घ्या. तिन्ही ठिकाणचं जगणं वेगळं आहे.

रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्ग सोयीचा. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव आणि जळगाव ही सगळी स्टेशनं त्यावरच आहेत. रस्त्याने आलात तर धुळ्यापर्यंत एसटी, तिथून साक्री आणि कोंडाईबारी घाट ओलांडून विसरवाडी, नवापूर. धडगावला शहाद्याकडून चढावं लागतं. डोंगरातल्या गावी पहिल्यांदा जाताना दुपारच्या आत पोचेल अशी गाडी धरा. संध्याकाळी वर जाणारी वाहनं कमी होतात आणि अंधारात पाडा शोधणं कठीण जातं.

सामान थोडं आणा. सुती कपडे, डोक्याला बांधायला मोठा रुमाल, बॅटरी, चांगल्या पकडीच्या चपला किंवा बूट, ओआरएसची पाकिटं, स्वतःची नेहमीची औषधं, आधार कार्डाच्या दोन-तीन प्रती. पाळकसाहेबांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, सहीचं आणि फोन नंबर असलेलं पत्र जवळ ठेवाच. मैदानी भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर सातपुड्यात डाबसारख्या गावांकडे थंडीत दव गोठतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे डिसेंबरात येणाऱ्याने घोंगडी किंवा जाड चादर विसरू नये.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी प्रचाराला, भेटींना बाहेर पडू नका. खोली झाडा, पाण्याची भांडी घासा, घरमालकांना भेटा. घरमालक आप्पा असोत की नाना, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. आपण कोण, कुठले, कोणत्या मंडळीचे, किती दिवस राहणार, हे तुमच्या तोंडून त्यांना आधी कळू द्या. खानदेशात नव्या माणसाची बातमी किराणा दुकानात आणि पानटपरीवर त्याच दिवशी पोचते. ती तुमच्याकडून नीट पोचलेली बरी.

गाव लहान असेल तर दुसऱ्या दिवशी सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटा. ही भेट अगदी साधी ठेवा: नाव, ओळखपत्र, राहण्याची जागा, सोबत्याचं नाव. अंगणवाडीताई आणि आशाताई यांचीही ओळख करून घ्या. कुठल्या घरात आजारी माणूस आहे, कोणाकडे नुकतंच बाळंतपण झालं आहे, कोणत्या पाड्यावर रस्ता तुटला आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

सोबती

येशूने शिष्यांना दोघे दोघे पाठवलं, हे आपण सगळे वाचतो. जोडीने राहायचं कसं, हे मात्र कोणी शिकवत नाही. ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात, त्या अंतिम दिवसांतील संतांच्या मंडळीत यासाठी घट्ट शिस्त आहे. तिथे तरुण मुलगे दोन वर्षं आणि मुली अठरा महिने पूर्णवेळ सेवेला जातात. सोबती स्वतः निवडता येत नाही. जोडीने राहायचं, जोडीने फिरायचं, जोडीने अभ्यास करायचा, आणि काही आठवड्यांनी बदली आली की नवं गाव किंवा नवा सोबती. त्यांच्या आणि आपल्या शिकवणुकीत मोठं अंतर आहे, ते मी लपवत नाही. पण त्यांची एक रीत आपल्या प्रत्येक जोडीने उचलावी असं मला मनापासून वाटतं: आठवड्याचं नियोजन झालं की शेवटी दोघांनी समोरासमोर बसून आपल्या जोडीबद्दलच बोलायचं.

ते कसं करायचं ते सांगतो. वार आणि वेळ ठरवा, आठवडी बाजाराच्या आदली संध्याकाळ चांगली. फोन बाजूला ठेवा, प्रार्थना करा. मग पहिल्याने या आठवड्यात दुसऱ्याने केलेली एक चांगली गोष्ट सांगायची, ठोस. ‘तू चांगला आहेस’ यात काही सांगितल्यासारखं होत नाही. ‘मला ताप होता तेव्हा तू पाणी भरलंस आणि एकट्याने जेवायला बसला नाहीस’, असं बोला. त्यानंतर खटकलेली एकच गोष्ट. दोन नाहीत, एकच, आणि तीही याच आठवड्यातली. जुनी उकरायची नाही. ऐकणाऱ्याने लगेच खुलासा द्यायचा नाही. ‘ऐकलं’ म्हणायचं आणि पुढच्या बैठकीपर्यंत तो बदल करून पाहायचा. मग दुसऱ्याची पाळी. अर्धा तास पुरतो. पहिल्या दोन बैठका अवघड जातात, कारण आपल्या घरांत असं बोलायची सवय नसते. मोठा बोलतो, धाकटा ऐकतो. म्हणून सुरुवात नेहमी वयाने किंवा सेवेने मोठ्याने स्वतःबद्दल विचारून करावी: ‘माझं काय खटकलं ते तू आधी सांग.’ मोठा हे मनापासून विचारतो आहे असं धाकट्याला पटलं, की जोडी टिकते.

ही बैठक भांडण झाल्यावर सुरू करायची नसते. सगळं ठीक असतानाच तिची सवय लावा.

बाकीच्या गोष्टी पहिल्या आठवड्यात स्पष्ट ठरवून वहीत लिहून ठेवा. झोपण्या-उठण्याची वेळ, स्वयंपाक आणि भांड्यांच्या पाळ्या, पाणी भरणं, मांसाहार खोलीत शिजवायचा का, पाहुणा मुक्कामाला आला तर काय, मोटारसायकलचं पेट्रोल कोणाच्या खात्यावर. पैशासाठी एक डबा आणि एक वही ठेवा. दोघांनी महिन्याच्या सुरुवातीला सारखी रक्कम टाकायची आणि किराणा, गॅस, भाजी त्यातूनच आणायची. एकमेकांना उसने पैसे देणं शक्यतो टाळा. शंभर-दोनशे रुपयांवरून धुसफूस सुरू होते आणि उपासनेत शेजारी उभं राहणंही जड जातं.

सोबती स्थानिक असेल आणि तुम्ही बाहेरचे, तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मावची किंवा पावरा अशा आदिवासी घरातून आलेला तरुण गावात तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतो. पण शुद्ध मराठीत भाषण देणारा शहरी सोबती पुढे उभा राहिला की तो मागे सरकतो, आणि लोकही तुमच्याशीच बोलू लागतात. हे होऊ देऊ नका. भेटीत बोलायला त्याला पुढे करा, त्याच्या भाषेत प्रार्थना होऊ द्या, तुम्ही गाणं म्हणा किंवा नुसते बसा. पाळकसाहेबांना अहवाल देताना त्याचं काम त्याच्या नावाने सांगा. उलट, तुम्ही स्थानिक आणि सोबती नवखा असेल, तर त्याच्या मराठीची किंवा खाण्याच्या सवयींची लोकांसमोर चेष्टा करू नका. नव्या माणसाला ती फार दिवस लागून राहते.

आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, बाजार, दाढी-कटिंग आणि घरच्यांशी बोलणं यासाठी राखा. त्या दिवशी घरी फोन करताना सोबत्याच्या तक्रारी आईला सांगू नका. आई काळजी करते आणि तिकडून कुणाला तरी फोन लावते. तक्रार सोबत्याजवळ करा. दोन-तीन बैठकांनंतरही मिटली नाही तर दोघांनी मिळून पाळकसाहेबांकडे जा. एकट्याने गुपचूप जाऊ नका. मात्र मारहाण, दारू, पैशाचा अपहार किंवा कोणाशीही गैरवर्तन असेल तर बैठकीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, एकट्याने का होईना, सांगायचं.

गाव ओळखणं

पहिला महिना शिकवू नका, शिका. कोऱ्या कागदावर गावाचा नकाशा काढा: नदी किंवा नाला, विहीर, हातपंप, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, दवाखान्यात न्यायला गाडी असलेलं घर, आणि कोणता पाडा कोणत्या वाटेला लागतो. पावसाळ्यात कोणता फरशीपूल पाण्याखाली जातो ते विचारून त्यावर खूण करा.

मग लोकांचे वेळापत्रक शिका, कारण भेटीची वेळ तुमच्या सोयीने ठरत नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी शेतात जातात त्या दिवेलागणीलाच येतात. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार कोणाचं दार वाजवू नये. खरी भेट सात-साडेसातनंतर अंगणात खाटेवर होते. आठवडी बाजाराच्या दिवशी पाड्यावर जाऊ नका, बाजारातच जा. तिथे आठ पाड्यांचे लोक एका जागी भेटतात आणि कोणी कोणाच्या नजरेत येत नाही.

वर्षाचाही एक ताल आहे. दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यांवरची असंख्य कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. डिसेंबरात येणाऱ्याला पाडे ओस दिसतात आणि इथे कामच नाही असं वाटतं. तसं नसतं. म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं मागे असतात, त्यांनाच त्या दिवसांत कोणी नसतं. होळीआधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार, भरतात आणि माणसं परतू लागतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, सालही त्याच दिवशी बदलतं, त्यामुळे घराघरांत हिशेब चालतो. श्रावणात घरोघरी कानबाई ही देवी बसते, तेव्हा भाऊबंद एकत्र येऊन रोट हा तिचा नैवेद्य करतात. या दिवसांत सभा ठेवू नका. बोलावलं तर शेजारी म्हणून जा, बसा, विचारपूस करा, आणि कोणाच्या देवाबद्दल वाईट शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तुम्हाला जे पाळायचं नाही ते शांतपणे सांगता येतं, आणि लोक ते मानतात.

भाषा आणि जेवण

धुळे-जळगावकडे अहिराणी, रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली, शहादा-तळोद्याला गुजरी, नवापुरात मावची, धडगावपासून शिरपूर-चोपड्याच्या डोंगरापर्यंत पावरी, आणि भिलीचे कितीतरी प्रकार. सगळ्या शिकणं शक्य नाही. आपल्या क्षेत्रातली एक धरा. आधी नाती शिका, मग आजाराचे आणि शेतीचे शब्द, मग प्रार्थना. अहिराणी गावात मुलाला आंडोर, मुलीला आंडेर म्हणतात आणि ‘आहे’च्या जागी ‘शे’ येतं. एवढं कानावर बसलं तरी निम्मं बोलणं कळू लागतं. शिकण्यासाठी सात-आठ वर्षांची मुलं सगळ्यात चांगली. ती चूक लगेच सुधारतात आणि दहा वेळा विचारलं तरी कंटाळत नाहीत. म्हाताऱ्या बाईंना ‘माय’, पुरुषांना आप्पा, आबा, नाना, दादा. नाव घेऊन हाक मारायची घाई नको.

जेवायचा आग्रह झाला तर थोडं का होईना खा. कळण्याची भाकरी आणि ठेचा, शेवभाजी, वरण-बट्टी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. तिखट झेपत नसेल तर पहिल्याच घासाआधी सांगा. पानात टाकू नका. पाड्यावर ज्या घरात धान्य कमी आहे तिथे जेवणाच्या वेळी जाऊच नका, कारण ते स्वतः उपाशी राहून तुम्हाला वाढतील. मोहाची दारू समोर आली तर हात जोडून ‘मी घेत नाही, पाणी द्या’ म्हणा. त्यावर प्रवचन नको. घरात एकटी बाई असेल तर सेवकांनी आत जाऊ नये, अंगणातूनच बोलून निघावं. सेविकांनी अंधार पडण्याआधी खोलीवर परतावं आणि कोणत्या पाड्यावर जातो ते घरमालकिणीला सांगून निघावं.

साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे त्यांनी मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, आजारी मुलाच्या उशाशी बसले. खानदेशाने त्यांना आपलं मानलं ते या कामांनंतर. तुम्हीही कोणाची विहीर उपसायला, कोणाच्या छपरावर कौलं चढवायला, कांदा भरायला हात लावा. मजुरी घेऊ नका आणि त्या बदल्यात कोणी उपासनेला यावं अशी अपेक्षाही ठेवू नका.

ज्या मर्यादा ओलांडायच्या नाहीत

राज्यघटनेचं कलम २५ आपल्याला धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. हे प्रत्येक सेवकाला माहीत असलं पाहिजे. नवापूर आणि शिरपूरकडच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: गुजरातेत २००३ चा आणि मध्य प्रदेशात २०२१ चा, धर्मांतरावर बंधनं घालणारा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पाड्यावरच्या नातेवाइकांनी सीमेपलीकडे बोलावलं तर आधी पाळकसाहेबांना विचारा, मग जा.

वही, कपडा, औषध, शाळेची फी, यातलं काहीही श्रद्धेशी जोडू नका. मदत करायची तर सगळ्या पाड्याला सारखी करा, आणि त्याच बैठकीत प्रार्थना घेऊ नका. अल्पवयीन मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही नेऊ नका. कोणी रागाने विचारायला आलं तर वाद घालू नका. ओळखपत्र दाखवा, पोलीस पाटलांचं नाव सांगा, आणि दोघेही एकत्रच थांबा.

आजाराच्या बाबतीत मी फार कडक आहे. प्रार्थना करा, पण दवाखान्याआधी नाही आणि दवाखान्याऐवजी तर मुळीच नाही. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. हातापायांत असह्य कळा, सारखा थकवा, डोळ्यांत पिवळेपणा असलेल्या मुलाला आरोग्य केंद्रात रक्ततपासणीसाठी घेऊन जा. साप चावला तर १०८ ला फोन करा, जखम कापू नका, दोरीने आवळू नका, आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. नवापूर भागात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजार अमक्या बाईमुळे झाला, ती डाकीण आहे, असं कोणी कानात सांगितलं तर त्या बोलण्याला मान डोलावू नका. त्या बाईच्या जिवाला धोका असू शकतो. लगेच पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्याला कळवा आणि पाळकसाहेबांनाही सांगा.

मन खचतं तेव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरची आठवण फार येते. पहिली नवलाई संपलेली असते आणि ओळखी अजून झालेल्या नसतात. त्या दिवसांत काम कमी करू नका, लहान करा. एक घर, एक आजारी माणूस, एक मूल. दुपारची झोप घ्या, कारण खानदेशी उन्हाने आलेला थकवा पुष्कळदा निराशेसारखा वाटतो. सोबत्याला सांगा की आज जड जातं आहे. झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नको वाटू लागलं तर ते सेवेतलं अपयश नसतं, आजार असतो. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना भेटा, आणि गरज पडली तर घरी जा. तुमच्या पाळकाने याला आडकाठी करू नये.

बदली आली की

पहिल्या दिवसापासून क्षेत्राची वही ठेवा. त्यात पाड्यांची नावं, वाटा, भेटीच्या वेळा, कोणाच्या घरी काय दुखणं, कोणाला काय वचन दिलं आहे ते लिहा. लोकांची गुपितं मात्र लिहू नका. बदलीचं पत्र आलं की नव्या सोबत्याची ओळख घरमालक, किराणावाला, पोलीस पाटील आणि ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्याशी स्वतः सोबत जाऊन करून द्या. डब्यातल्या पैशांचा हिशेब दोघांच्या सहीने पूर्ण करा, किराणा दुकानातली उधारी फेडा. दिलेलं आणि न पाळलेलं वचन राहिलं असेल तर त्या घरी जाऊन तसं सांगा, आणि ते आता कोण पूर्ण करणार तेही सांगा.